मोजणी

सूरमध्ये शुक्रवारी सहालाच ऊन पांढरं होतं.
गॅरेजचं शटर मी अर्धंच वर करते,
म्हणजे उजेड येतो, शेजारची मुलं येत नाहीत.
मंगळसूत्र खिळ्याला. अंगठी साबणाच्या डबीत.
ओढणी घरातच.
हातमोजे नाहीत,
आणि हे नवऱ्याला अजून पटत नाही.
त्याला सांगते, पात्याला कापड कळतं,
कापडाच्या आत कोण आहे ते कळत नाही.
एक धागा सापडला की अख्खा हात बोलावून घेतं.

मग मोजते. दहा.

ही सवय ऑपरेशन थिएटरमधली.
पोट शिवण्याआधी आम्ही गॉज मोजतो, सुया मोजतो,
दोघी, मोठ्याने,
सर्जनला कितीही घाई असली तरी.
इथे दुसरी सिस्टर नाही
म्हणून डाव्याने उजवा मोजते, उजव्याने डावा.

लाकूड खमीसने दिलं.
खमीस म्हणजे गुरुवार; बापाने वार बघून नाव ठेवलेलं.
खाडीकाठच्या त्याच्या आवारात
मोडीत काढलेल्या गलबताची फळी होती, साग.
"तुमच्याच बाजूचा," म्हणाला,
आणि मलबार नि मालवण एकच धरलं.
मीही धरू दिलं.

आईच्या आडाळीचं पातं टॉवेलात गुंडाळून बॅगेतून आलं.
पाट तिथेच राहिला, तीन किलो जास्त भरत होता.
म्हणून हा उद्योग.

आई पाटावर पाय दाबून बसायची,
नारळाची वाटी फिरतेय, गप्पा चालू, नजर दारात.
तिथे पातं बसून असतं, आपण त्याच्याकडे जायचं.
हेही जागचं हलत नाही,
पण दारातली नजर याला चालत नाही.

पातं फळीच्या वर एक दात, जास्त नाही.
मागे पाचर; ती कापलेली फट मिटू देत नाही,
आम्ही रिट्रॅक्टरने जखम उघडी धरतो तशी.
फट मिटली की पातं फळी उचलून
समोरच्याच्या पोटात परत करतं.
मी समोर नसते. वीतभर डावीकडे.

चुंबक फिरवला. चार खिळे निघाले,
काळे, चौकोनी, मिठाने खाल्लेले.
पाचवा पितळेचा होता.
पितळ चुंबकाला दाद देत नाही, सहावीत शिकवलं होतं.

आधी आवाज. मग ढकलकाठीला हिसका,
मग काहीतरी गेलं
मी नव्हते त्या जागेतून
आणि मागे कूलरच्या खोक्यात शिरलं.
गुडघ्याने बटण.

बटण दाबलं म्हणजे थांबलं, असं नसतं.
पातं अकरा-बारा आकडे मोजेपर्यंत फिरत राहतं,
दात दिसत नाहीत, नुसती चकचकीत थाळी,
हात लावावासा वाटेल इतकी शांत.
आमच्याकडे येतात ते बरेचसे
इथले. बंद केल्यानंतरचे.

रफीउल तसाच आला होता, रमजानात,
खमीसच्याच आवारातला.
बोटं कुणीतरी लबनच्या रिकाम्या डब्यात, थेट बर्फात टाकलेली.
(थेट नाही. ओल्या फडक्यात, मग पिशवीत, मग बर्फात.
हे मी आता भाजीवाल्यालाही सांगते.)
मस्कतला पाठवायच्या आधी त्याने विचारलं, किती?
मी म्हणाले, झोप.

प्लग काढला. मोजली. दहा.
पात्याचा मात्र एक दात कमी.
खोक्यात सापडला, तांदळाएवढा.
डबीत ठेवला, अंगठीशेजारी.

नवीन पातं यायला आठवडा लागेल.
नारळ आणून ठेवलेला, तो फोडला,
सुरीनेच खोबरं काढायला बसले,
धार अंगठ्याकडे करून, आई नको म्हणायची तशी,
आणि कापलं.
थोडंसंच.

नवऱ्याने पट्टी आणून दिली.
दारात थांबला, जरा विचार केल्यासारखं करून म्हणाला,
हातमोजे.